सॅमन-स्टीलहेडसाठी नदीवरचा गाइड निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिॲटल आणि पोर्टलंडच्या पट्ट्यात मराठी माणसं भरपूर आहेत. त्यांतल्या ज्यांना कोकणात खाडीवर किंवा आजोळच्या नदीवर गरवायची सवय होती, ती मंडळी इथे रुळली की एकच प्रश्न विचारू लागतात: गाइड कोणता घेऊ? खालची उत्तरं मुख्यतः वॉशिंग्टन आणि ऑरिगनपुरती आहेत, थोडी आयडाहोची. नियम इथे हंगामाच्या मधेही बदलतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य विभागाची साइट बघायचीच, गाइड कितीही नामांकित असो.

गाइड घ्यायलाच हवा का?

नाही. विषम वर्षी, म्हणजे २०२३, २०२५ अशा, ऑगस्ट-सप्टेंबरात प्युजेट साउंडमध्ये पिंक सॅमनच्या झुंडी शिरतात. तेव्हा शाळकरी पोरंसुद्धा काठावर उभी राहून साध्या गुलाबी ल्यूरवर मासे काढतात. काउलिट्झ नदीवर ब्लू क्रीकपाशी आणि स्कायकोमिशवर रायटर पाँड्सपाशी हॅचरीचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले, मासे परत येतात, तिथेही काठावरून गळ टाकता येतो. फक्त हंगामात दादरच्या पुलाची आठवण यावी अशी गर्दी असते, आणि शेजाऱ्याची दोरी तुमच्या दोरीत अडकली की तो गोड बोलेलच असं नाही.

गाइडला आपण पैसे देतो ते तीन गोष्टींचे. एक होडी, कारण बऱ्याच नद्यांचे काठ खाजगी मालकीचे आहेत आणि चांगल्या डोहांपर्यंत पाण्यातूनच पोचता येतं. दुसरं सामान: रॉड, रीळ, आमिष, जाळं सगळं त्याचं. तिसरी आणि खरी किमतीची गोष्ट म्हणजे त्याचा अंदाज. काल रात्री पाणी चार बोटं चढलं, तर आज मासा नदीच्या कोणत्या अंगाला सरकला असेल, हे नदीवर रोज असणाऱ्यालाच कळतं. होडी भाड्याने मिळेल, रॉड दुकानात मिळेल, हे मात्र कुठे मिळत नाही. म्हणून गाइड निवडायचा तो या अंदाजासाठी. बाकी सगळे निकष त्याच्या मागून.

आधी गाइड शोधायचा की आधी मासा ठरवायचा?

आधी मासा, मग नदी, मग महिना, आणि शेवटी गाइड. बहुतेक लोक हे उलटं करतात: सुट्टी मिळते, त्या तारखेला कोण मोकळा आहे ते बघतात आणि बुकिंग करून टाकतात. ऐन हंगामात एखादा गाइड लगेच मोकळा सापडला, तर तो मोकळा का, असं एकदा स्वतःला विचारावं.

पॅसिफिक किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. नदीवरचे गाइड जास्त करून चिनूक आणि कोहोच्या मागे असतात. सॅमन ठरावीक दिवसांत घोळक्याने वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. स्टीलहेडचं तसं नाही. तो म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन परतलेला रेनबो ट्राउट. अंडी घातल्यावर तो जगू शकतो, काही मासे समुद्रात जाऊन पुन्हा दुसऱ्यांदाही येतात. संख्येने तो कमी आणि नदीभर विखुरलेला असतो. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक लागतो, असं इथली जुनी मंडळी म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पहिलीच वेळ असेल, मुलं बरोबर असतील, घरी नेऊन कालवण करायचं मनात असेल, तर सॅमन. थंडीत, पावसात, दिवसभर उभं राहून एका झटक्याची वाट बघण्यातच ज्याला मजा वाटते, त्याने स्टीलहेड. माझं मत विचाराल तर स्टीलहेडला पहिल्या वर्षी हात घालू नये. रिकाम्या हाताने परतलेला नवखा माणूस सहसा गाइडला शिव्या देतो, आणि त्यात गाइडचा दोष नसतो.

कोणत्या महिन्यात कुठे?

ढोबळमानाने सांगायचं तर एप्रिल-मे हे स्प्रिंग चिनूकचे महिने, कोलंबिया आणि विलामेटवर. खायला याच्यासारखा दुसरा सॅमन नाही, कारण नदीत फार वर, फार दिवस राहायचं म्हणून तो अंगात भरपूर चरबी घेऊन येतो. ऑगस्टमध्ये सगळ्या होड्या कोलंबियाच्या मुखाशी, ॲस्टोरियाजवळ ‘बॉय टेन’ला, म्हणजे दहा क्रमांकाच्या तरंगत्या खुणेपाशी, जमतात. ते नदीपेक्षा समुद्राच्या जवळचं काम आहे: भरती-ओहोटी, लाटा, धुकं. बोट लागणाऱ्यांनी आधी विचार करावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनूक कोलंबियाच्याच वरच्या पट्ट्यात, हॅनफर्ड रीचकडे पोचतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑरिगन किनाऱ्यावर टिलामुकच्या नद्या, म्हणजे विल्सन, ट्रास्क, नेस्टुका. कोहो साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर.

स्टीलहेडचे दोन हंगाम. उन्हाळी मासे जून ते ऑक्टोबर, डेशूट्स किंवा नॉर्थ अम्पक्वासारख्या नद्यांवर. हिवाळी मासे डिसेंबर ते एप्रिल, सँडी, क्लॅकमस, काउलिट्झ आणि ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या नद्यांवर. आयडाहोत क्लिअरवॉटरवर पोचणारे मासे कोलंबियाची चार आणि स्नेकची चार अशी आठ धरणं ओलांडून आलेले असतात. हंगाम तिथे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालतो.

घरबसल्या एक गोष्ट करता येते. बॉनेव्हिल धरणाच्या मत्स्यशिडीतून रोज किती मासे वर गेले याचा आकडा जाहीर होतो, आणि ही मोजणी १९३८ पासून चालू आहे. दोन-तीन आठवडे हे आकडे बघितले की गाइड फोनवर जे सांगतो त्यात किती तथ्य आहे ते कळू लागतं. धरण पोर्टलंडहून तासाभरावर आहे, मुलांना घेऊन शिडीच्या काचेतून मासे बघून या. त्याला परवाना लागत नाही.

गाइडकडे स्वतःचे कोणते परवाने हवेत?

हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका, खरा गाइड राग मानत नाही.

ऑरिगनमध्ये गाइडची नोंदणी स्टेट मरीन बोर्डाकडे असते. त्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि विमा दाखवावा लागतो, आणि नोंदणीकृत गाइडांची नावं बोर्डाच्या साइटवर शोधता येतात. वॉशिंग्टनमध्ये हे काम मत्स्य व वन्यजीव विभागाकडे आहे. तिथे सॅमन आणि स्टीलहेड कायद्याच्या दोन वेगळ्या गटांत मोडतात, म्हणून गाइडचा परवाना नेमका कशासाठी आहे तेही विचारून घ्यावं. आयडाहोत आउटफिटर (गाइड नेमून सहली चालवणारे) आणि गाइड यांचं स्वतंत्र परवाना मंडळ आहे.

होडीला इंजिन असेल आणि पाणी जलवाहतुकीचं मानलेलं असेल, तर वरून कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन्स लागतं. बोलीभाषेत त्याला ‘सिक्स पॅक’ म्हणतात, कारण त्यावर जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात. नुसत्या वल्ह्यांच्या होडीला ते लागत नाही.

जमीन कोणाची, हाही एक प्रश्न असतोच. होह किंवा क्वीट्स नदीचा वरचा भाग ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये येतो, तिथे धंदा करायला पार्कची वेगळी परवानगी हवी. डेशूट्सवर गाइडांच्या परवान्यांची संख्याच मर्यादित आहे. ‘मित्राचा मित्र आहे, रोख दिले तर स्वस्तात नेतो’ असा माणूस यातल्या एकाही चाळणीतून जात नाही. अपघात झाला तर त्याचा विमाही नसतो.

माझा परवाना गाइडच काढेल ना?

नाही, तुमचा तुम्हालाच काढायचा. वॉशिंग्टनमध्ये गोड्या पाण्याचा परवाना आणि त्याबरोबर कॅच रेकॉर्ड कार्ड. ऑरिगनमध्ये परवाना, शिवाय सॅमन-स्टीलहेडसाठी कम्बाइन्ड टॅग, आणि कोलंबियाच्या खोऱ्यात असाल तर त्या खोऱ्याचं वेगळं एन्डोर्समेंट. आयडाहोत सॅमन आणि स्टीलहेडचे परमिट परवान्याखेरीज. मासा ठेवला की कार्डावर नोंद तिथल्या तिथे करायची. घरी जाऊन करू म्हटलं आणि वाटेत वॉर्डन भेटला, तर दंड तुम्हाला होतो, गाइडला नाही.

पुण्याहून आई-बाबा आले असतील तर त्यांना अनिवासी परवाना लागतो. थोड्या दिवसांचा मिळतो, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम. ‘बाबा नुसता रॉड धरतील’ ही पळवाट नाही. रॉड धरला म्हणजे मासेमारी केली. नुसतं होडीत बसून थर्मासमधला चहा प्यायचा असेल तर परवाना नको, पण होडीतली जागा गाइड मोजतो, म्हणून आधी सांगा. लहान मुलांना वॉशिंग्टनमध्ये परवाना लागत नसला तरी सॅमन-स्टीलहेडसाठी कॅच कार्ड त्यांनाही लागतं.

वल्ह्यांची होडी बरी की जेट बोट?

ड्रिफ्ट बोट म्हणजे दोन्ही टोकं उचललेली, उथळ तळाची, वल्ह्यांवर चालणारी होडी. तिच्यात पुढे दोघे बसतात, गाइड मधे वल्ही धरतो. वरून सोडलेली होडी दिवसअखेरीस काही मैल खाली निघते. तोवर शटलवाला गाइडची गाडी आणि ट्रेलर खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवतो. शांत असते, खडकाळ लहान नद्यांवर तीच चालते. एकदा प्रवाहाला लागलात की परत फिरणं नाही, म्हणून बाथरूमचं, थंडीचं, लहान मुलांचं जे काही असेल त्याचा विचार आधीच करायचा.

जेट बोट चार ते सहा जण नेते, मोठ्या नद्यांवर वर-खाली हवी तशी पळते, काहींत हीटर असतो. कुटुंबासाठी ही सोयीची. पण सहाजणांत प्रत्येकाकडे गाइडचं लक्ष किती राहणार, हे उघड आहे. शिकायचं असेल तर वल्ह्यांची होडी आणि दोघेच.

डेशूट्सच्या खालच्या भागात मात्र होडीत बसून गळ टाकायला बंदी आहे. होडी फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी नेते, गळ टाकायला पाण्यात उतरून उभं राहायचं. गुडघे दुखणाऱ्या काकांना तिथे नेऊ नका. ऑलिंपिक द्वीपकल्पातही २०२०-२१ च्या हिवाळ्यापासून होडीतून मासेमारीवर निर्बंध येत गेले आहेत, म्हणून तिकडचं बुकिंग करताना ‘या हंगामात, या पट्ट्यात होडीतून चालतं का?’ असं थेट विचारा.

फ्लाय, गाबोळी, प्लग, जिग… मला यातलं काय येतं?

काहीच येत नसेल तर बिघडत नाही, पण गाइडला ते आधी सांगा. तरंग्याखाली जिग (जड डोक्याचा छोटा सजवलेला गळ) किंवा आमिष सोडणं पहिल्या दिवशी जमतं. प्लग (माशासारखं दिसणारं कृत्रिम आमिष) लावून होडी मागे मागे सरकवायची पद्धत तर त्याहून सोपी: रॉड खोबणीत असतो, कष्ट गाइडच्या खांद्यांना. साइड-ड्रिफ्टिंगला, म्हणजे होडीबरोबर आमिष प्रवाहात वाहत नेण्याला, थोडा हात बसावा लागतो. दोन हातांच्या लांब स्पे रॉडने फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, पाण्यावरून आडवी फिरवत नेणं हे वेगळंच शास्त्र. ते शिकवणारा गाइड मासे दाखवणाऱ्या गाइडपेक्षा वेगळा असतो. नॉर्थ अम्पक्वावर जवळजवळ ३१ मैलांचा पट्टा फक्त फ्लायसाठी राखलेला आहे, तिथे बाकीचं सामान नेऊन उपयोग नाही.

आमिषासाठी सॅमनची गाबोळी वापरतात. तुम्ही मादी पकडलीत तर गाइड हळूच विचारेल, ‘अंडी हवी आहेत का तुम्हाला?’ त्याला ती आमिषाला हवी असतात. आपल्याकडे गाबोळी तळून खाणारे लोक, तेव्हा हवी असेल तर निःसंकोच मागून घ्या. त्याच्या डब्यातली तयार लाल-गुलाबी गाबोळी मात्र चुकूनही खायची नाही. तिला बोरॅक्स आणि सल्फाइट लावलेलं असतं.

पहिल्या फोनवर काय विचारू?

किती मासे मिळतील, हे सोडून काहीही. त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसतं, आणि अप्रामाणिक उत्तर ऐकून तुम्ही खूश होता.

मी असं विचारेन: ‘माझ्याकडे अमुक आठवडा आहे, दोघे आहोत, एकाने कधी रॉड धरलेला नाही. तुम्ही आम्हाला कोणत्या नदीवर न्याल, आणि का?’ मग गप्प बसून ऐकायचं. चांगला गाइड उलट प्रश्न विचारतो. मासा ठेवायचा आहे का? दिवसभर उभं राहता येईल का? थंडी सोसते का? त्यातून त्याच्या डोक्यात नदी ठरत असते. काही वेळा तो सरळ म्हणतो, ‘त्या आठवड्यात येऊ नका, दोन आठवड्यांनी या,’ किंवा ‘हे माझं पाणी नाही, त्यासाठी दुसऱ्याकडे जा.’ असं म्हणणाऱ्याचा नंबर जपून ठेवा. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाला नदी कळते आणि धंदाही.

दुसरा कामाचा प्रश्न: ‘नदी फुगली तर काय करता?’ त्यावर पुढे सविस्तर आहे. तिसरा: ‘होडी तुम्ही स्वतः चालवणार का?’ मोठ्या आउटफिटरकडे नाव एकाचं आणि होडीवर दुसराच, असं होतं. दुसरा माणूस वाईटच असेल असं नाही, पण तो कोण, त्याला या नदीवर किती हंगाम झाले, हे कळायला हवं. चौथा, जरा खोचक: ‘जंगली मासा लागला तर कसा सोडता?’ जाळं रबराचं, गळाला उलटा काटा नाही, मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा, हे तो न अडखळता सांगेल. मासा कसा उचलून धरायचा आणि फोटो कसा भारी येतो, याचंच वर्णन सुरू झालं तर फोन ठेवा. वॉशिंग्टनमध्ये सोडून द्यायचा जंगली सॅमन किंवा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढणंच बेकायदा आहे.

साइटवरचे फोटो आणि रिव्ह्यू बघून अंदाज येतो का?

थोडाच. वर्षभरात शंभर-दीडशे दिवस नदीवर असलेल्या कोणाकडेही तीस चांगले फोटो असणार. फोटोत बघायचं ते माशाचा आकार नाही. मासा कुठे आहे ते बघा: पाण्यात, की होडीच्या तळाशी, रक्ताळलेल्या गालिच्यावर? गिऱ्हाइकांच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का? फोटो एकाच नदीचे, वेगवेगळ्या हवामानातले आहेत, की सगळे एकाच सोनेरी सकाळचे? रिव्ह्यू वाचताना पंचतारांकित सोडून द्या. ‘मासा लागला नाही, तरी परत जाईन’ असं लिहिणाऱ्याचं सगळ्यात आधी वाचा.

खर्च किती येतो?

दोघांसाठी वल्ह्यांच्या होडीचा पूर्ण दिवस साधारण ५०० ते ७०० डॉलरच्या आसपास. जेट बोटीत माणशी हिशोब असतो, २०० ते ३००. आगाऊ रक्कम द्यावी लागते. वर टिप, १५ ते २० टक्के, मासा लागो न लागो. मासा नाही म्हणून टिप नाही, हा हिशोब इथे फार वाईट दिसतो. ज्या दिवशी मासे नसतात त्या दिवशी गाइड दुप्पट राबलेला असतो. परवान्याचे पैसे यात नाहीत. मासा साफ करून, फिले काढून देतो का, जेवण देतो का, हे विचारून घ्या. जेवण म्हणजे बहुधा टर्की सँडविच, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आपली पोळी-भाजी न्यावी.

फक्त केळी नेऊ नका. होडीत केळं म्हणजे अपशकुन, असं इथले मच्छीमार खरंच मानतात, आणि काही गाइड ते हसत हसत पाण्यात भिरकावतात. केळ्याच्या वेफर्सबद्दल मतभेद आहेत.

पूर आला तर पैसे बुडतात का?

हिवाळी स्टीलहेडमध्ये हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि गाइडची पारख इथेच होते. किनाऱ्यावरच्या नद्या एका रात्रीच्या पावसाने चढतात, गढूळ होतात, झाडाचे ओंडके वाहत येतात. त्या दिवशी जाऊन काही उपयोग नसतो आणि धोकाही असतो. सरळ माणूस आदल्या संध्याकाळी फोन करून तारीख बदलून देतो किंवा दुसरी नदी सुचवतो. पैसे परत देणारे कमी, तारीख बदलून देणारे जास्त. नियम काय ते बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. ‘पाणी कसंही असो, आपण जाऊच’ म्हणणारा गाइड तुमच्या आगाऊ रकमेचा विचार करतोय.

प्रत्येक नदी निवळायला वेगवेगळा वेळ घेते, आणि हे ज्ञान म्हणजे गाइडचं भांडवल. टिलामुकच्या बाजूला किल्चिस सगळ्यात आधी निवळते, विल्सन मधे, नेहेलेम सगळ्यात शेवटी. ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या फोर्क्स गावाच्या आसपास सोल डक लवकर स्वच्छ होते. होहला माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांचं पाणी येतं, त्यामुळे ती उन्हाळ्याच्या ऐन उष्म्यातही दुधाळ होते. काउलिट्झवर वर धरणं आहेत, म्हणून ती इतरांइतकी उसळत नाही. पावसाळी आठवड्यात पुष्कळ गाइड तिकडे वळतात.

तुम्ही स्वतःही बघू शकता. यूएसजीएसचे (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे) पाणीपातळी मोजणारे गेज जवळजवळ प्रत्येक नदीवर आहेत, आलेख ऑनलाइन दिसतो. एकच आकडा बघून काही कळत नाही, रेघ कुठे चालली आहे ते बघायचं. चढती रेघ वाईट. चढून गेल्यावर सावकाश उतरणारी रेघ उत्तम, कारण त्या पाण्यात नवे मासे समुद्रातून वर आलेले असतात आणि रंग हिरवट झालेला असतो. दोन-तीन फुटांपर्यंत दिसतं, पुढे हिरवा पडदा, अशा पाण्याला इथे ‘स्टीलहेड ग्रीन’ म्हणतात. फार दिवस पाऊस नसेल तर पाणी काचेसारखं होतं, मासा बिचकतो, तोही दिवस कठीणच. फोनवर गाइडने आपणहून गेजचा उल्लेख केला तर बरं लक्षण समजा.

मासा घरी नेता येईल का?

कोणता मासा, त्यावर आहे. हॅचरीत वाढवून सोडलेल्या माशाच्या पाठीवरचा, शेपटीच्या जरा आधी असणारा छोटा मांसल पर पिल्लू असतानाच कापलेला असतो. तो पर नसेल आणि जागा भरून आलेली असेल, तर हॅचरीचा. असेल तर बहुतेक वेळा जंगली. वॉशिंग्टनमध्ये जंगली स्टीलहेड ठेवता येत नाही. सॅमनचं नदीनिहाय वेगळं आहे. म्हणून खायला मासा हवा असेल तर ‘हॅचरीचे मासे येणारी नदी’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर दिवसभर सुंदर जंगली मासे पकडून सोडाल आणि येताना कॉस्टकोत थांबाल.

समुद्रातून नुकता आलेला मासा चांदीसारखा चकचकीत असतो. जसजसा वर चढतो तसतसा काळपट, लालसर होतो, मांस फिकं आणि मऊ पडतं. तसा मासा गाइडने ‘सोडून देऊ या’ म्हटलं तर ऐका. ठेवलेला मासा लगेच कल्ले कापून रक्त काढून बर्फात गेला पाहिजे. बर्फाचा मोठा कूलर गाडीत ठेवा, परतीचा रस्ता तीन तासांचा असतो. सुरमईचा मसाला स्प्रिंग चिनूकला लावू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. चरबीच इतकी असते की मीठ, हळद, थोडं कोकम पुरे. घरात यावर एकमत नाही.

जंगली मासे कमी होत असताना जावं का?

प्युजेट साउंडमधले स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. डेशूट्सवर २०२१ साली परतणारे मासे इतके घटले की स्टीलहेडचा हंगामच बंद ठेवला. तेव्हा प्रश्न रास्त आहे. हंगाम उघडा असेल, तर विभागाने काही हिशोब करून तो उघडलेला असतो. पण उन्हाळ्यात पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की पकडून सोडलेला मासाही दगावण्याची भीती वाढते. तशा दिवशी दुपारी गळ गुंडाळून परत फिरणारा गाइड निवडा. तो मासे संपू नयेत म्हणून थांबतो, आणि पुढच्या वर्षी त्याचा धंदाही त्यावरच आहे.

नदीत जाळी लावलेली दिसली. ते बेकायदा नाही का?

नाही. १८५०च्या दशकातल्या तहांमध्ये इथल्या आदिवासी राष्ट्रांनी जमीन दिली, पण त्यांच्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने वॉशिंग्टनमध्ये पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा त्यांचा असल्याचं स्पष्ट झालं. होडीत बसून जाळ्यांवरून बडबड करणारा गाइड भेटला तर दिवस लांबतो. धक्क्यावर उतरेपर्यंत तेच चालू राहतं.

क्विनॉल्ट नदीचा खालचा भाग क्विनॉल्ट राष्ट्राच्या राखीव प्रदेशात येतो, आणि तिथे बाहेरच्यांना त्यांचाच गाइड घ्यावा लागतो. तिथली पिढीजात माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. मोठ्या हिवाळी स्टीलहेडची ओढ असणाऱ्यांनी हा पर्याय पहिल्यांदा तपासावा.

मुलं, आजी-आजोबा, पोहता न येणारे?

चालतात, पण लाइफ जॅकेट सगळ्यांनी, सतत. वॉशिंग्टन आणि ऑरिगनमध्ये लहान होडी चालू असताना १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते कायद्याने घालावंच लागतं. मोठ्यांना कायदा सूट देतो, नदी देत नाही. हिवाळ्यात पाणी इतकं गार असतं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का, हे विचारा. अर्धा दिवस मिळतो का, हेही. बायकांनी बाथरूमबद्दल मोकळेपणाने विचारावं. अनुभवी गाइडला वाटेत कुठे थांबायचं ते माहीत असतं, आणि उत्तर देताना जो गडबडतो त्याच्या होडीत बायका फारशा आलेल्या नसतात.

कपडे?

सुती काही नको. लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर खरा रेनकोट, जीन्स घरी. एक जोड कोरडे मोजे गाडीत.

आम्ही न्यू जर्सीला राहतो. काय करावं?

न्यूयॉर्क राज्यात पुलास्की गावी सॅमन रिव्हर आहे. तिथले चिनूक, कोहो आणि स्टीलहेड लेक ओंटारियोतून वर येतात. मूळचे ते पॅसिफिकचे. ग्रेट लेक्समध्ये कोहो रुजवण्याचं मोठं काम मिशिगनने १९६६ मध्ये सुरू केलं. सॅमन सप्टेंबर-ऑक्टोबरात, स्टीलहेड त्यानंतर हिवाळाभर. तिथे गाइडला राज्याचा परवाना लागतो, तो बघून घ्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा विचार असेल तर स्कीना खोऱ्यातल्या बऱ्याच नद्या ‘क्लासिफाइड वॉटर्स’मध्ये येतात आणि त्यांचा परवाना वेगळा काढावा लागतो. तिकडची तारीख वर्षभर आधी ठरवावी लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी काय बघायचं?

विभागाच्या साइटवर त्या नदीचा तातडीचा नियम आला आहे का ते. परवाना आणि कॅच कार्ड. गेजची रेघ. गाइडला एक मेसेज: नेमका धक्का कोणता, किती वाजता, आणि गाडी कुठे लावायची. पहाटे पाच वाजता अंधारात, मोबाइलला रेंज नसलेल्या जंगलात धक्के शोधत फिरणं नको. आणि रोख टिप खिशात.